एका एसटी तिकिटात चार लेख : विज्ञान-संस्कृतीवर लिहून पोट भरतं का?

चाळ_आणि_चांदणं

'एम.एस्सी.नंतर काय' या धाग्यावर कोरा_कागद यांनी विचारलं होतं, की मुलगी म्हणते मी विज्ञानावर आणि लोककलांवर लिहीन, नोकरी नको. तर यात पोट भरतं का? तिथे उत्तर लिहायला घेतलं आणि ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून वेगळा धागा.

आधी उत्तर सांगून टाकते. भरतं, पण लेखांवर नाही.

मी अकरा वर्षं हेच करतेय. पुण्यात राहते, कुठल्याही पेपरच्या पटावर नाही. या धंद्यात मला सगळ्यात आधी कळलं ते एसटीचं गणित. एका विषयासाठी एक प्रवास केला तर मानधन वाटेतच संपतं. म्हणून एका तिकिटात जेवढे लेख निघतील तेवढे काढायचे. (मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. सरकारने मला दिलेली ही एकमेव फेलोशिप.)

या हिशोबात माझा लाडका तालुका जुन्नर. वाकडेवाडीहून नाशिककडे जाणारी गाडी पकडायची आणि नारायणगावला उतरायचं. पाडव्याच्या सुमाराला तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात. गावोगावचे पंच यात्रेसाठी फड ठरवायला येतात. कुणाकडे यंदा वग कुठला, नाचणाऱ्या किती, गाड्या किती याची चौकशी होते, घासाघीस होते, सुपारी ठरते. तमाशाच्या विठाबाईंचं गाव हे. राहुटीत तुम्हाला खुर्ची मिळते, चहा मिळतो, आणि गिऱ्हाईक आलं की त्याच खुर्चीवरून उठवलंही जातं. त्यांचा धंद्याचा मोसम आहे, आपली मुलाखत नाही. हे मी पहिल्या वर्षी समजून न घेता रागावून परत आले होते.

नारायणगावहून पूर्वेला थोडं गेलं की खोडद. तिथे जगभरचे खगोलशास्त्रज्ञ वापरतात ती रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यातल्या १४ मध्यभागी एकमेकींजवळ, उरलेल्या शेताशिवारांतून तीन हातांवर दूरपर्यंत पसरलेल्या. तबकड्या पत्र्याच्या नाहीत, तारेच्या जाळीच्या आहेत. वारा जाळीतून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता येतो आणि खर्च वाचतो. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या डोक्यातली ही करामत. आत जाताना मोबाइल बंद, कारण दुर्बिणीला तुमच्या फोनचा गोंगाट सहन होत नाही. आदल्या रात्री राहुटीतल्या ढोलकीने कान किटलेले असताना इथे येऊन उभं राहायला मला फार आवडतं. २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाला गेलात तर शाळकरी पोरांची ही झुंबड असते.

पश्चिमेला नाणेघाट. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख. यज्ञांत किती गाई दिल्या, किती कार्षापणं (त्या काळची नाणी) दिली ते ब्राह्मी अंकांत कोरलेलं आहे. अंकांच्या इतिहासावर लिहायचं तर आपल्याकडे याच्याइतकं जुनं फार थोडं सापडेल.

आणि चौथा लेख, ज्याने माझा पार घाम काढला, तो बोरीचा.

बोरी हे कुकडीच्या काठचं गाव. तिथे नदीने कापलेल्या थरांत ज्वालामुखीची राख आहे. आता आपल्या सह्याद्रीचे लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, मग नदीच्या गाळात ही राख कुठून आली? तर सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून, बंगालचा उपसागर ओलांडून. राखेच्या थराजवळ आदिमानवाची दगडी हत्यारं मिळाली आहेत. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९८०च्या दशकात हे उजेडात आणलं. आहे की नाही लेख? मलाही वाटलं, दोन दिवसांत होईल.

मग मी राखेचं वय शोधायला बसले. एका पद्धतीने आलंय सुमारे १४ लाख वर्षं. दुसऱ्या पद्धतीने ६.७ लाख. तिसऱ्यांनी राखेतल्या काचकणांचं रसायन तपासून म्हटलं, ही टोबाच्या शेवटच्या महास्फोटाची, म्हणजे सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची. आणि हा फरक किरकोळ नाही. १४ लाख खरे असतील तर ती हत्यारं देशातल्या सगळ्यात जुन्यांपैकी ठरतात. ७५ हजार खरे असतील तर एक तर तसली जुनाट हत्यारं इथे फार उशिरापर्यंत बनत होती, नाही तर नदीने ती कुठून तरी उचलून राखेशेजारी आणून टाकली. प्रत्येक शक्यतेसाठी वेगळी गोष्ट लिहावी लागते.

सहा दिवस शोधनिबंध वाचण्यात गेले. दोन अभ्यासकांशी बोलले, दोघांनी एकमेकांचं नाव काढून हसून विषय बदलला. लेख दिला. संपादकांचा फोन, "मॅडम, छान आहे, पण वाचक गोंधळतात. एकच आकडा ठेवा ना."

मी ठेवला नाही. लेख दोन आठवडे पडून राहिला आणि मग तिन्ही आकड्यांसकट, पण पानाच्या तळाशी छापून आला. मानधन ३००० रुपये, सात महिन्यांनी. राहुट्यांवरचा लेख मी दीड दिवसात लिहिला होता. त्याचेही ३०००.

मला एवढंच सांगायचंय. या कामात लिहायला वेळ लागत नाही, वेळ लागतो तो खातरजमेला, आणि खातरजमेचे पैसे कुणीच देत नाही. ते कुठून तरी दुसरीकडून आणावे लागतात. मी आणते अनुवादातून, संग्रहालयातल्या फलकांच्या मजकुरातून, संस्थांच्या माहितीपत्रकांतून आणि शिक्षकांच्या कार्यशाळांतून. लेखांचा पैसा माझ्या उत्पन्नाच्या पाव हिश्श्यालाही पोचत नाही.

बाकीच्यांचे अनुभव वाचायला आवडतील. इथे या जातीचे तीन-चार जण तरी आहेत हे मला माहीत आहे, लपू नका.

-----

तिसरी_घंटा

लपलो नव्हतो, झोपलो होतो. काल दशावतार होता.

नाटक, नाच, दशावतार, बाहुल्या यांवर लिहितो. आमच्याकडे खातरजमेआधीचा प्रश्न असतो: "पास दिला ना, मग पैसे कसले?" दशावतार रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटे संपतो. एवढं जागून लिहायचं चारशे शब्दांत. संवाद लिहिलेले नसतात, संकासूर आज काय बोलेल ते संकासुरालाही माहीत नसतं, त्यामुळे 'संहिता बघून लिहितो' हा मार्ग बंद.

एकदा सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथीवर (चित्रं दाखवत गोष्ट सांगतात ती) लिहायला गेलो होतो. २०२१ला तिथल्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली, त्यानंतर एकदम सगळ्यांना पिंगुळी हवी झाली. त्याआधी मी तोच विषय तीन ठिकाणी देऊन बसलो होतो. उत्तर आलं होतं, "निमित्त काय?" निमित्त हा शब्द ऐकला की माझं डोकं उठतं.

-----

पुरवणीवाला

चौदा वर्षं रविवारची पुरवणी सांभाळली, आता सुटलो. आता संपादकांची बाजूही ऐका, नुसते दगड मारू नका.

'निमित्त काय' हे आम्ही विचारतो, कारण आम्हाला तो प्रश्न वरून विचारला जातो. शुक्रवारी संध्याकाळी जाहिरात येते, बाराशे शब्दांची जागा सातशेची होते, आणि कापायला वीस मिनिटं. अशा वेळी लेखकाने तीन आकडे दिले असतील तर हात आधी त्यांच्यावरच पडतो. मूर्खपणा नाही, घाई असते. म्हणून नव्या लोकांना माझा सल्ला: कापलं तरी चालेल असा मजकूर स्वतःच वेगळ्या चौकटीत द्या, आणि मुख्य लेखात कापता येणार नाही असंच लिहा. बोरीच्या लेखात 'वय ठरत नाही' हीच बातमी आहे. ती पहिल्या परिच्छेदात असती तर मी एक आकडा मागितलाच नसता. बाईंनी ती कुठे ठेवली होती?

दुसरं, विषय पाठवू नका. 'लोणारवर लिहू का?' अशा मेलला मी उत्तर देत नसे. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा पन्नास जणांनी तेच पाठवलं. एकीने पाठवलं, "नमुने आघारकर संस्थेत गेलेत, खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचा संशय आहे, निष्कर्ष आला की त्याच दिवशी आठशे शब्द देते." तिला होकार दिला.

-----

चाळ_आणि_चांदणं

@पुरवणीवाला, सातव्या परिच्छेदात ठेवली होती. गप्प बसते.

तुमच्या घाईवरून आठवलं. ६ सप्टेंबर २०१९ ची रात्र. चांद्रयान-२ चं विक्रम लँडर चंद्रावर पहाटे दोनच्या आसपास उतरणार, आणि सकाळच्या अंकाचा मजकूर त्याआधीच हवा. एका ठिकाणी मी दोन लेख देऊन ठेवले होते, एक उतरल्याचा, एक न उतरल्याचा. दुसरा लिहिताना हात जड झाला होता, चार ओळींत उरकला. जमिनीपासून २.१ किलोमीटरवर संपर्क तुटला आणि मग रात्री अडीच वाजता त्या चार ओळींचे सातशे शब्द करत बसले. २०२३ ला चांद्रयान-३ च्या वेळी मी अपयशाचाच लेख आधी आणि नीट लिहिला. २३ ऑगस्टला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी तो कचऱ्यात गेला. त्याचे पैसे अर्थात नाहीत, पण एवढ्या आनंदाने मी दुसरं काही फेकलेलं नाही.

-----

दोन_डगरींवर

मी इंग्रजीत परदेशी मासिकांसाठी लिहिते आणि मराठीत हौसेपोटी. तिकडे शब्दाला दर असतो, आणि लेख मागवून नाकारला तर ठरलेल्या रकमेचा काही हिस्सा तरी मिळतो. खातरजमेसाठी वेगळा माणूस नेमलेला असतो. तो माझ्याकडून सगळ्यांचे नंबर, ध्वनिमुद्रणं, कागद मागून घेतो आणि एकेका वाक्याखाली रेघ मारून विचारतो, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" पहिल्यांदा अपमान वाटला होता, आता सवय झाली. इकडे तो माणूस आपणच, म्हणजे परीक्षार्थी आणि परीक्षक एकच.

पण गंमत अशी की तिकडे तमाशावर लिहिलं तर निम्मे शब्द तमाशा म्हणजे काय यातच जातात. गण, गवळण, बतावणी, वग समजावून होईतो जागा संपते. सोंगाड्या कसा होता हे राहूनच जातं. मराठीत 'बतावणी रंगली' एवढं म्हटलं की पुरतं. म्हणून अजून दुसऱ्या डगरीवरचा पाय काढलेला नाही.

अवांतर: मोठ्या नियतकालिकांचे शोधनिबंध पत्रकारांना दोन-चार दिवस आधी मिळतात, ठरलेल्या वेळेआधी छापायचं नाही या अटीवर. मराठीत लिहिणाऱ्यांनीही तिथे नावनोंदणी करावी. बातमी इंग्रजीत वाचून दुसऱ्या दिवशी मराठी करण्यापेक्षा आधी निबंध वाचून, आपल्याकडच्या कुणाला तरी फोन करून त्याच दिवशी लिहिता येतं.

-----

शेंगदाणा_चटणी

एवढं कशाला? हल्ली यंत्राला सांगितलं की पाच मिनिटांत हजार शब्द. मंडळी उगाच हळवी होतायत.

-----

चाळ_आणि_चांदणं

@शेंगदाणा_चटणी, बोरीच्या राखेचं वय मी एका यंत्राला विचारलं होतं. त्याने एकच आकडा दिला, ठणकावून. म्हणजे संपादकांना हवं होतं ते त्याच्याकडे आहे, हे खरंच. :)

पण विनोद सोडा. माहितीपत्रकांची माझी दोन कामं गेल्या वर्षात गेली, ती यंत्रानेच नेली. राहुटीतल्या खुर्चीवरून उठवून घेण्याचं काम मात्र अजून माझ्याकडेच आहे, त्यासाठी कुणी रांगेत दिसत नाही.

-----

बेरीज_वजाबाकी

हिशोबनीस आलाय, जागा करा. लेखक लोक माझ्याकडे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पिशवीभर चिठ्ठ्या घेऊन येतात, म्हणून इथेच सांगतो.

एकाच संस्थेकडून वर्षात ५० हजारांवर व्यावसायिक मानधन गेलं की १० टक्के टीडीएस कापतात (१ एप्रिल २०२५ च्या आधी ही मर्यादा ३० हजार होती). कापला म्हणजे बुडाला नव्हे. तो २६एएस मध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या खतावणीत, दिसतो का बघा आणि विवरणपत्र भरून परत मागा. माझ्याकडच्या एका कवीने चार वर्षं मागितलाच नव्हता. जीएसटी नोंदणी वर्षाला २० लाखांपर्यंत लागत नाही. धाग्याचा सूर बघता काळजी नसावी.

'निम्मं उत्पन्न खर्च धरा, निम्म्यावर कर भरा' ही आयकराच्या ४४एडीए कलमाची सोय लेखकाला सरसकट लागू आहे असं सगळे सांगतात. कलमाच्या यादीत डॉक्टर, वकील, वास्तुविशारद वगैरे आहेत, सिनेमाचे कथा-पटकथा-संवादलेखकही आहेत. लेख लिहिणाऱ्याचं नाव त्यात सरळ लिहिलेलं नाही. तेव्हा व्हॉट्सॲपवर वाचून ठरवू नका, आपल्या सीएला विचारा. पुस्तकाच्या रॉयल्टीवर ८०क्यूक्यूबी खाली ३ लाखांपर्यंत वजावट आहे, पण जुन्या करप्रणालीत, आणि पेपरातल्या लेखांना नाही. हे आकडे जुन्या आयकर कायद्यातले; १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे आकडे वेगळे आहेत.

आता सात महिन्यांच्या मानधनाचं. लहान उद्योगांसाठीच्या सरकारी उद्यम पोर्टलवर नोंदणी करा. फुकट असते, आधार-पॅनवर होते. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असली की देणाऱ्याने ४५ दिवसांत पैसे द्यायला हवेत, लेखी करार नसेल तर १५ दिवसांतच. उशीर केला तर व्याज लागतं, शिवाय पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च त्याला करासाठी दाखवता येत नाही. हे दुसरं हत्यार जास्त चालतं. त्यांच्या लेखा विभागाला मार्चमध्ये उद्यम क्रमांकासकट एक नम्र मेल टाका.

-----

तिसरी_घंटा

नम्र मेल टाकला तर पैसे येतील हो, पुढचा लेख कोण घेईल?

-----

बेरीज_वजाबाकी

ते माझ्या शास्त्रात बसत नाही. पण बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आधीपासूनच छापलेला असला तर मेल टाकायची वेळ कमी येते, एवढं बघितलंय.

-----

प्रूफवाली

धागा आवडला. मी मुद्रितशोधन करते, माझंही रडगाणं ऐका.

विज्ञानलेखांत सगळ्यात जास्त वेळ खातो तो शब्द. लेखक लिहितो 'टेफ्रा', संपादक म्हणतात मराठी करा, मी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि विश्वकोश उघडून बसते. कधी सोनं मिळतं. 'जनुक', 'कृष्णविवर', 'उत्क्रांती' हे कुणीतरी घडवलेले शब्द आहेत हे आता आठवतही नाही, इतके रुळले. आणि कधी 'भ्रमणध्वनी' मिळतो, जो लेखात असतो आणि खिशात मात्र मोबाइल. शब्द चालेल की नाही हे आधी सांगता येत नाही, तीन लेखांत वापरून बघावा लागतो. पण एकाच लेखात पहिल्या पानावर 'किरणोत्सर्ग', तिसऱ्यावर 'रेडिओॲक्टिव्हिटी' आणि पाचव्यावर 'किरणोत्सारिता' असेल तर मी लेखकाला शोधून काढते.

बोरीसाठी 'ज्वालामुखीची राख' पुरे. टेफ्रा एकदा सांगून सोडून द्या.

-----

चाळ_आणि_चांदणं

@प्रूफवाली, दंडवत. तुम्ही 'शोधून काढलेल्यां'पैकी मी एक असण्याची दाट शक्यता आहे.

करारावरचं राहिलं. नवं कुणी वाचत असेल तर: लेख लिहिणाऱ्याचा असतो, नोकरीत नसताना लिहिलेला तर नक्कीच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असं पत्र आलं की मी 'प्रथम प्रकाशनाचा हक्क' असं खोडून लिहून परत पाठवते. दहातले सात जण काही न बोलता मान्य करतात, कारण ते पत्र त्यांनीही वाचलेलं नसतं. उरलेल्या तिघांपैकी एकाला मी नाही म्हटलंय, दोघांना सही करून दिलीय. घरभाडं होतं.

-----

कोरा_कागद

सर्वांचे आभार. खरं सांगतो, मला 'नको म्हणावं' असं उत्तर हवं होतं, म्हणजे घरी दाखवता आलं असतं. धागा दाखवला. कन्येने मानधनाचे आकडे वाचले, उद्यमचं वाचलं, आणि मग मलाच विचारलं की बाबा, ती राख अजून नदीकाठी उघडी दिसते का, आणि ७५ हजारवाल्यांनी काचकणांत नेमकं काय मोजलं. मला काय कळतं त्यातलं? म्हणाली, त्यांना विचार.

तर विचारतोय. आणि एक बाप म्हणून: निदान पहिली दोन वर्षं तिने काय धरून ठेवावं?

-----

चाळ_आणि_चांदणं

@कोरा_कागद, दोन वर्षं आठवड्यातले तीन दिवस पगार देईल असं काहीही. शाळा, प्रयोगशाळा, अनुवाद, काहीही. आणि सहा महिन्यांचा खर्च बँकेत, त्याला हात लावायचा नाही. मी हे केलं नव्हतं, म्हणून चौथ्या वर्षी दागिना मोडला होता.

काचकणांचं तिला फोनवर सांगते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. प्रत्येक स्फोटातल्या काचेत मूलद्रव्यांचं प्रमाण थोडं वेगळं असतं, त्यावरून राख कुठल्या स्फोटाची ते जुळवून बघतात. पण टोबाचेही स्फोट एकाहून जास्त आणि त्यांच्या राखा दिसायला बहिणी-बहिणी, तिथेच भांडण आहे.

राख दिसते का ते पाणी उतरल्यावर बघू. दिवाळीनंतर मी जाणारच आहे, बोरीचं एक प्रकरण अर्धं राहिलंय. सकाळी सहाला वाकडेवाडी. अर्धं तिकीट तिचं तिने काढायचं, वही आणायची, पायात चपला नकोत, बूट. नारायणगावला मिसळ माझ्याकडून.

-----

पुरवणीवाला

आणि या खेपेला 'वय ठरत नाही' पहिल्या परिच्छेदात.